तिलोत्तमेचा गुन्हा कोणता?

कादंबऱ्यांवरून वाद घालणे हा आम्हां मराठी वाचकांचा जुना छंद आहे. दिवाळीच्या दिवसांत, फराळाचे ताट पुढे असताना, तर त्याला विशेष रंग चढतो. म्हणून या अंकाच्या वाचकांपुढे मी एक वाद मुद्दाम मांडते आहे. विषय खमंग आहे. मात्र तिखट थोडे जास्त पडण्याचा संभव आहे, हे आधीच सांगून ठेवते.

वाद आहे चित्रा बॅनर्जी दिवाकरुणी यांच्या ‘द मिस्ट्रेस ऑफ स्पायसेस’ या इंग्रजी कादंबरीविषयी. ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. २००५ साली तिच्यावर चित्रपट निघाला, आणि ऐश्वर्या राय त्यात असल्यामुळे पुस्तक न उघडलेल्यांचीही मत देण्याची सोय झाली. गोष्ट थोडक्यात अशी : एका गूढ बेटावर मसाल्यांची विद्या शिकलेली तिलोत्तमा, म्हणजे तिलो, अग्नीतून प्रवास करून कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरी येते आणि म्हाताऱ्या बाईच्या रूपात तेथे मसाल्यांचे दुकान चालवते. नवऱ्याचा मार खाणारी एक बाई, शाळेत पोरांचा छळ सोसणारा जगजीत, टॅक्सी हाकणारा हारून अशी परमुलखात आलेली माणसे हळद-मेथी घ्यायला येतात, आणि ही त्यांचे दुःख ओळखून त्यावरचा मसाला हळूच पुडीत बांधते. पण तिला कडक बंधने आहेत. दुकानाबाहेर पाऊल टाकायचे नाही, कोणाला स्पर्श करायचा नाही, आरशात पाहायचे नाही, आणि मसाल्यांची शक्ती स्वतःसाठी वापरायची नाही. पुढे ती एका अमेरिकन पुरुषाच्या प्रेमात पडते आणि ही बंधने एकामागून एक मोडते.

विरारला आमचे एक लहानसे वाचनमंडळ आहे. तेथे या पुस्तकावर तीन पक्ष पडले. पहिला पक्ष अभिमान्यांचा : आमच्या हळदीचा डंका साता समुद्रापार वाजला! दुसरा पक्ष संतप्तांचा : गोऱ्या वाचकांच्या करमणुकीसाठी बाईने आपले स्वयंपाकघर विकायला काढले, आणि वर जादूटोण्याची फोडणी दिली. तिसरा पक्ष सोवळ्यांचा : बाकी सारे ठीक, पण तिने व्रत मोडले हे काही बरे केले नाही. मला या तिघांशीही भांडायचे आहे. पहिल्या दोघांशी थोडे, तिसऱ्याशी कडाडून.

अभिमानी आणि संतप्त ही मुळात सख्खी भावंडे आहेत. मसाला म्हणजे आपला ध्वज, असे दोघेही धरून चालतात. एकाला तो फडकल्याचा आनंद, दुसऱ्याला तो बाजारात मांडल्याचा राग. पण आपलाच मसाल्याचा डबा जरा उघडून पाहा. लवंग मूळची मोलुक्का बेटांची. हिंग इराण-अफगाणिस्तानचा. आणि जिच्यावाचून आपले पान हलत नाही ती मिरची अमेरिका खंडातली; पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आणली. त्याच पोर्तुगीजांची सत्ता या वसई प्रांतावर १५३४ पासून १७३९ पर्यंत होती. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीज घालवले, मिरची मात्र राहिली! आज वसईच्या ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात बाटलीमसाला होतो, तो गडद काचेच्या बाटल्यांत ठासून वर्षभर पुरवतात; त्याचे कूळ शोधू गेले तर निम्मे जग हिंडावे लागेल. मसाला हाच मुळात स्थलांतरित आहे. तेव्हा स्थलांतरितांची गोष्ट मसाल्यांच्या तोंडून सांगण्यात लेखिकेने विक्षिप्त असे काही केलेले नाही.

आणि परमुलूख म्हणजे अमेरिकाच, असे कोणी सांगितले? आमचे विरारच घ्या. जीवदानीच्या डोंगरावरून खाली पाहिले, तर दिसणाऱ्या इमारतींतल्या किती घरांची मुळे याच मातीत आहेत? जानेवारी १९८२ मध्ये मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, आणि त्यानंतर लालबाग-परळच्या चाळींतून कितीतरी कुटुंबे नालासोपारा-विरारकडे सरकली. त्यांच्या आधीची पिढी कोकणातून आणि घाटावरून मुंबईला आली होती. म्हणजे दोनदा उखडून दोनदा लावलेली ही रोपे! त्यांच्या सामानात काय होते? ट्रंक, देव, आणि मसाल्याचा डबा. गावाहून आलेल्या डब्याचे झाकण काढून ज्याने आधी नुसता वास घेतला आहे, त्याला मसाल्यात जादू असते हे ओकलंडच्या बाईने शिकवायला नको. त्या वासाने पगार वाढत नाही की खोली मोठी होत नाही. पण संध्याकाळ निभावते.

‘पण हे वास्तव नव्हे,’ असा घोष संतप्त पक्ष करतो. अहो, १८५७ साली बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांची दुःखे मांडली, आणि ११ वर्षांनी रिसबुडांची ‘मंजुघोषा’ येताच वाचक अद्भुताच्या मागे लागले. तेव्हा हे दोन्ही घाट आपलेच आहेत. शिवाय गंमत पाहा. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुन्या ग्रंथांचे दाखले पुढे ठेवले, आणि १९९७ मध्ये, म्हणजे ही कादंबरी आली त्याच वर्षी, ते पेटंट रद्द झाले. हळद जखम भरते हे आजीचे ज्ञान आहे, असे सांगून आपण तेथे जिंकलो. आणि तीच हळद एका कादंबरीत मनाची जखम भरू लागली तर नाक मुरडायचे, हा कोठला न्याय?

या कादंबरीत दोष नाहीत असे माझे म्हणणे नाही. भाषा जागोजागी इतकी मसालेदार आहे की अधूनमधून ताकाची आठवण व्हावी. तिलोचा प्रियकर मला माणसापेक्षा बक्षिसासारखा वाटला. परंतु हे दोष दाखवायचे सोडून आमचे आक्षेपक भलत्याच ठिकाणी बोट ठेवतात.

आता तिसरा पक्ष. ‘तिने व्रत मोडले’ हा आक्षेप आमच्या मंडळात ज्यांनी घेतला, ते सारे सज्जन आणि वाचते गृहस्थ आहेत. एकदोन भगिनींनीही माना डोलावल्या. मी त्यांना विचारते : ते व्रत होते तरी काय? सर्वांच्या जिभेची चव सांभाळायची, सर्वांच्या दुखण्यावर उतारा द्यायचा, आणि स्वतःसाठी चिमूटभरही घ्यायचे नाही. तुम्हांला जादूचे बेट खोटे वाटते, अग्नीतला प्रवास खोटा वाटतो. पण हा नियम मात्र तुम्ही इतक्या सहज मान्य केलात, की तो मोडल्यावरच तुम्हांला धक्का बसला! साऱ्या पुस्तकात अस्सल वास्तववादी भाग कोणता असेल, तर तो हा नियम. तो कोणत्याही बेटावर झालेला नाही. तो आपल्या घरी झालेला आहे.

देवाच्या नैवेद्याची चव करणारणीने आधी घ्यायची नाही, ही आपली रीत. ती श्रद्धेची गोष्ट. तिच्याशी माझे भांडण नाही. पण आपण घरातल्या प्रत्येक पुरुषाला आणि पोराला वर्षाचे ३६५ दिवस देव करून ठेवले आहे, त्याचे काय? चैत्र-वैशाखात गच्चीवर बेडगी आणि संकेश्वरी वाळत पडते. मिरच्यांची देठे खुडून हातांची आग होते, ती रात्रभर जात नाही. धणे-खसखस भाजताना ठसक्याने डोळे वाहतात. मसाला कांडून आणला की बरणी भरते, आणि मग वर्षभर जेवणारे सांगतात, ‘यंदा जरा तिखट झालाय हं!’ तो तुला कसा हवा होता, हे तिला कोणी विचारले?

‘आता बायका बाहेर पडल्या, दिवस बदलले,’ असे उत्तर मिळते. बाहेर पडल्या, हे खरेच. १९९२ साली चर्चगेट-बोरिवली अशी महिला विशेष गाडी सुरू झाली आणि पुढे ती विरारपर्यंत वाढली. या मार्गावर संध्याकाळी बायकांच्या डब्यात डोकावून पाहा. कोणी मटार सोलते, कोणी मेथी निवडते, कोणी लसूण सोलून पिशवीत टाकते. तिलोला दुकानाबाहेर जायला बंदी होती; आमच्या बाईला बाहेर जाण्याची परवानगी आहे, पण दुकान पाठीवर घेऊन! ६० किलोमीटरांचा हा प्रवास तिचा स्वतःचा वेळ व्हायचा. त्यातही रात्रीच्या भाजीचा वाटा निघतोच.

‘पण ती हे प्रेमाने करते,’ हा सोवळ्यांचा शेवटचा आधार. करते ना! तिलोसुद्धा आपल्या गिऱ्हाइकांवर जीव लावते. प्रेमाला माझी हरकत नाही. प्रेमाच्या नावाखाली जो नियम लपवला जातो, त्याला आहे. त्यातून एक भीतीही डोकावते : स्वतःसाठी काही मागू लागली, तर ही आपल्याला विचारीनाशी होईल. ही भीती बाळगणाऱ्यांनी कादंबरीचा शेवट नीट वाचलेला नाही. बंधने मोडल्यावर तिलो शिक्षा भोगायला तयार होते. भूकंप होतो, शहराची वाताहत होते. प्रियकराबरोबर दूर निघून जाण्याची वाट तिच्यापुढे मोकळी असते. तरी जळते शहर पाहून ती लोकांच्या मदतीसाठी मागे वळते. तिचे म्हातारपण गेले, जादू गेली, नावही बदलून माया झाले. आपुलकी गेली नाही. फरक इतकाच की आता ती हुकुमाची ताबेदार नाही. तेव्हा सांगा, तिलोत्तमेचा गुन्हा कोणता?

ज्यांना अजूनही तो गुन्हाच वाटतो, त्यांच्यासाठी या दिवाळीत एक लहानसा प्रयोग सुचवते. चकलीचा पहिला घाणा निघेल तेव्हा हात पुढे करण्याआधी, ती तळणाऱ्या बाईला विचारा : मीठ-तिखट तुझ्या जिभेला कसे वाटते? ती आधी चपापेल. ‘तुम्हीच खाऊन सांगा,’ म्हणेल, कारण तिलाही या प्रश्नाची सवय नाही. तेव्हा लगेच चकली उचलू नका. ती घाम पुसून, खुर्चीवर टेकून, अख्खी चकली खाऊन होईपर्यंत थांबा. आणि मग पुढचा घाणा तुम्ही तळायला घ्या.