अस्सलपणाची परीक्षा घेणार कोण?

'लिव्हिंग ला विदा लोका' हे गाणं माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे! रिकी मार्टिनचं हे सिंगल मार्च १९९९ मध्ये आलं, मे महिन्यात अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिल्या नंबरावर गेलं आणि पाच आठवडे तिथून हललं नाही. ब्रिटनमध्येही पहिला नंबर. आज इतक्या वर्षांनी ते कुठे लागलं, तर माना डोलायला लागतात. पण गाणं चांगलं की टुकार, हा माझा विषयच नाही. मला बोलायचंय ते त्याच्या स्वागताबद्दल. कारण ह्या एकाच गाण्याला एक्स्टर्नलने एका कारणासाठी धारेवर धरलं आणि इंटर्नलने बरोब्बर उलट कारणासाठी! एक म्हणे, "हा बाहेरचा पाहुणा." दुसरा म्हणे, "हा आता आपल्यातला उरला नाही."

आधी एक्स्टर्नल बघू. मे १९९९ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर रिकी मार्टिन झळकला. लॅटिन संगीत आता पॉप झालं, अशा अर्थाची हेडलाइन होती. त्याच्या मागोमाग जेनिफर लोपेझ, एन्रिके इग्लेसियास, मार्क अँथनी ह्यांची इंग्रजी गाणी गाजली आणि सगळ्यांना मिळून एक नाव पडलं, 'लॅटिन एक्स्प्लोजन'. एक्स्प्लोजन म्हणजे स्फोट! जणू काल काहीच नव्हतं आणि आज अचानक धमाका झाला.

आता वस्तुस्थिती बघा. रिकी मार्टिन १९८४ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, 'मेनुदो' ह्या पोर्तो रिकोच्या मुलांच्या बँडमध्ये गेला. म्हणजे १९९९ मध्ये हा 'नवा' गायक पंधरा वर्षं स्टेजवर होता. त्याचं 'मारिया' हे स्पॅनिश गाणं त्याआधीच युरोपात गाजलं होतं, अगदी आपल्याकडेही वाजलं होतं. १९९८ च्या फ्रान्समधल्या फुटबॉल वर्ल्ड कपचं गाणं त्याचंच. बरं, तो परदेशी तरी होता का? पोर्तो रिको १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि तिथल्या लोकांना १९१७ मध्येच अमेरिकन नागरिकत्व मिळालंय. जेनिफर लोपेझ तर न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये जन्मली. घरच्याच माणसांना "या, या, कधी आलात?" असं विचारण्यातला हा प्रकार.

आणि त्यांच्या आधीही कोणी नव्हतं असं नाही. पेरेझ प्रादो ह्या क्युबन बँडलीडरचं मँबोच्या वळणाचं गाणं १९५५ मध्ये अमेरिकेत दहा आठवडे पहिलं होतं. रिची व्हॅलेन्सने 'ला बाम्बा' १९५८ मध्ये गायलं. ग्लोरिया एस्तेफानचं 'काँगा' १९८५ चं आणि 'माकारेना' १९९६ मध्ये चौदा आठवडे पहिलं! गंमत म्हणजे २००० च्या ग्रॅमीत 'रेकॉर्ड ऑफ द इयर' आणि 'साँग ऑफ द इयर' ह्या दोन्ही बक्षिसांसाठी रिकीच्या गाण्याला नामांकन होतं आणि दोन्ही बक्षिसं 'स्मूथ' घेऊन गेलं. ते होतं कार्लोस सँटानाचं, जो १९६९ मध्ये वुडस्टॉकला गिटार वाजवून आला होता. हा कसला 'स्फोट'? दर दहा-पंधरा वर्षांनी अमेरिका लॅटिन संगीताचा शोध लावते आणि मग विसरून जाते, एवढंच.

आता इंटर्नल. ह्यांचं म्हणणं असं की ह्या गाण्यात लॅटिन आहेच काय? गाणं इंग्रजीत. शीर्षकातले तीन शब्द स्पॅनिश (अर्थ साधारण 'वेडं आयुष्य'), बाकी जवळजवळ काही नाही. साल्सा म्हणावी तर तिचा ताल नाही. गिटार आहे ती साठच्या दशकातल्या अमेरिकन सर्फ रॉकच्या धाटणीची, ट्रंपेट-ट्रॉम्बोन आहेत ते जमैकाच्या स्काच्या जवळ जाणारे, आणि वेग तर असा की साल्सा नाचणाऱ्याला दम लागेल. थोडक्यात, गोऱ्या गिऱ्हाइकासाठी तिखट कमी करून वाढलेली थाळी.

ह्या टीकेत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. इंग्रजीत गायल्याशिवाय वरचा नंबर मिळणं अवघड, ही अट खरीच होती. आणि त्या अटीबरोबर एक तयार साचाही मिळत होता. लॅटिन पुरुष म्हणजे कंबर हलवणारा, बायकांना वेड लावणारा रंगेल गडी. रिकी मार्टिनला त्यातच बसवलं गेलं. तो समलिंगी असल्याचं त्याने २०१० मध्ये स्वतः जाहीर केलं. त्याआधीची कितीतरी वर्षं मुलाखतकार त्याला त्याबद्दल खोदून खोदून विचारत राहिले. ज्याला आपण अस्सल म्हणून टाळ्या वाजवतो, तो कधी कधी आपल्याला हवा तसा कापून घेतलेला माणूस असतो, हे त्या टाळ्यांच्या आवाजात ऐकू येत नाही.

पण म्हणून गाणं नकली ठरतं का? ते लिहिलं कोणी ते बघा. एक डेस्मंड चाइल्ड. आई क्युबन, मायामीत वाढलेला, बॉन जोव्हीच्या 'लिव्हिंग ऑन अ प्रेयर'चा सहलेखक. दुसरा ड्राको रोसा. न्यूयॉर्कजवळ जन्मलेला, पोर्तो रिकोत वाढलेला, मेनुदोमध्ये रिकीचा सोबती. म्हणजे रॉक, इंग्रजी, स्पॅनिश, ट्रंपेट हे सगळं ह्या माणसांच्या घरातलंच होतं. ते कुणाची नक्कल करत नव्हते, ते जसे आहेत तसं गाणं करत होते! सरमिसळ हाच त्यांचा अस्सलपणा.

आपल्या ब्रँचवाल्यांसाठी अजून एक गोष्ट. पूर्णपणे प्रो टूल्सवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, रेकॉर्ड, एडिट आणि मिक्स झालेलं पहिलं नंबर-वन गाणं म्हणून हेच ओळखलं जातं. टेप नाहीच. टेपवर वाढलेल्या बऱ्याच लोकांना तेव्हा हेही 'खरं' रेकॉर्डिंग वाटत नव्हतं. आज आपल्यापैकी कोणी टेप बघितली तरी आहे का? २०२२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्यासारख्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत हे गाणं घातलं. कालचं नकली आज वारसा होऊन बसलं!

आता कोणी म्हणेल, "पोर्तो रिकोचं आम्हाला काय?" तर ऐका. १९५० च्या 'समाधी' चित्रपटातलं 'गोरे गोरे ओ बाँके छोरे' तुमच्या आजीला नक्की पाठ असेल. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. ती चाल आली 'चिको चिको फ्रॉम पोर्तो रिको' ह्या गाण्यावरून! ते गाणं १९४५ च्या 'डॉल फेस' ह्या हॉलिवूड चित्रपटातलं. पडद्यावर गाणारी कार्मेन मिरांडा जन्माने पोर्तुगीज, वाढलेली ब्राझीलमध्ये. त्याची रेकॉर्ड काढणारा एडमुंडो रॉस जन्माने त्रिनिदादचा आणि बँड चालवायचा लंडनमध्ये. नाव पोर्तो रिकोचं आणि ह्या सगळ्या साखळीत पोर्तो रिकोचं माणूस एकही नाही! तरी आपली अख्खी पिढी त्यावर खूश. त्या काळात सी. रामचंद्रांबरोबर चिक चॉकलेटसारखे गोव्याचे ट्रंपेटवादक होते. पोर्तुगीजांच्या गोव्यात चर्चमधून पाश्चात्त्य नोटेशन शिकलेल्या कितीतरी गोवेकरांनी मुंबईच्या स्टुडिओंत हा रंग भरला. त्यांची नावं चित्रपटाच्या श्रेयनामावलीत बहुतेक वेळा नसायची.

मला खटकतं ते इथे. चाल घेतली ह्याचं मला काहीच वाटत नाही. सुरांना पासपोर्ट लागत नाही. पण कुठून घेतली, कोणी वाजवली, हे सांगितलं गेलं नाही ह्याचं वाटतं. 'शुद्ध आहे का?' ह्या प्रश्नावर आपण इतकं भांडतो की 'श्रेय कोणाला?' हा प्रश्न मागच्या बाकावर बसून राहतो.

हा विषय मला एवढा का लागतो, तेही सांगते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं की दंड. इंजिनिअरिंगला आले, तर हॉस्टेलवर वाक्यात एक इंग्रजी शब्द आला की टोमणा, "काय मॅडम, मराठी विसरलात वाटतं?" तिथे मी पुरेशी इंग्रजी नाही, इथे पुरेशी मराठी नाही. अरे, पण मी घरी आजीशी जी बोलते, मैत्रिणींशी जी बोलते, ती हीच भाषा आहे. ह्याच भाषेत मी रडते, भांडते आणि व्हायवाच्या आदल्या रात्री देवाला नवस बोलते. ही मिसळ कोणी वरून घातलेली नाही, ती माझी आहे. आणि मला खात्री आहे की गावाकडून आलेल्या माझ्या रूममेटलाही वेगळ्या टोकाने हाच अनुभव येतो. तिचे 'न' आणि 'ण' ऐकून हसणारे आपल्यातच आहेत ना? परीक्षक बदलतो, परीक्षा तीच.

पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. २०१७ मध्ये लुईस फोन्सी ह्या पोर्तो रिकोच्याच गायकाचं 'देस्पासितो' जवळजवळ सगळं स्पॅनिशमध्ये असून अमेरिकेत सोळा आठवडे पहिलं राहिलं (जस्टिन बीबरचा आधार होता, हेही खरं). २०२३ च्या ग्रॅमीत बॅड बनीच्या संपूर्ण स्पॅनिश अल्बमला 'अल्बम ऑफ द इयर'चं नामांकन मिळालं. असं पहिल्यांदाच झालं. तोही पोर्तो रिकोचा. १९९९ ची इंग्रजीची अट निदान सैल तरी झाली. ती सैल करण्यात त्या 'भेसळ' गाण्याचा अजिबात वाटा नव्हता, असं कोण म्हणेल?

तर आता आपल्याकडे. आपल्या गॅदरिंगच्या एंट्री फॉर्मवर दोन चौकटी असतात, 'इंडियन' आणि 'वेस्टर्न'. एकीवर टिक करायची. मला सांगा, 'गोरे गोरे' कुठे टाकणार? सांस्कृतिक समितीला माझी नम्र विनंती आहे की ह्या दोन्ही चौकटी काढून टाका. त्यांच्या जागी तीन रिकाम्या ओळी द्या: गीतकार कोण, संगीतकार कोण, चाल मुळात कुठली. भरायला पाच मिनिटं लागतील. निवेदकाने ते स्टेजवरून वाचून दाखवावं आणि मग ज्याला जसं नाचायचंय तसं नाचू द्यावं.