मुंबईचा कारभारी आणि मुंबईचे धनी

मार्च 2022 मध्ये मुदत संपलेल्या मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहात लोकनियुक्त सभासद पुन्हा बसावेत यासाठी मुंबईकरांना 2026 च्या जानेवारीतील मतदानापर्यंत वाट पाहावी लागली. आणि या जवळजवळ चार वर्षांच्या अवधीत शहराच्या तिजोरीची किल्ली, खर्चाचा अंदाज बांधण्याचा अधिकार आणि तो अंदाज मंजूर करण्याचा अधिकार हे तिन्ही एकाच सनदी अधिकाऱ्याच्या हाती एकवटले होते, ही गोष्ट आता सभागृह भरले म्हणून विसरून जावी असा आपला एकंदर कल दिसतो. कायद्याप्रमाणे आयुक्ताने फेब्रुवारीच्या पाच तारखेपर्यंत आपला अर्थसंकल्प स्थायी समितीपुढे ठेवावयाचा, समितीने त्याची छाननी करावयाची, मग तो सभेपुढे जावयाचा आणि तेथे प्रत्येक प्रभागाच्या प्रतिनिधीने आपल्या गटाराचे, शाळेचे, दवाखान्याचे रडगाणे गाऊन झाल्यावर तो संमत व्हावयाचा. या काळात हा सारा प्रवास एका मेजावर आटोपला. 2025-26 चा 74,427 कोटी रुपयांचा, म्हणजे गोवा राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून मोठा अंदाज ज्या आयुक्ताचा, त्यानेच प्रशासक या नात्याने त्याला मान्यता द्यावयाची! अर्जदार तोच आणि न्यायाधीशही तोच, असा हा दरबार होता. आणि शहरात त्याची फारशी कोणाला खंत वाटली नाही. ही खंत का वाटली नाही, याचे उत्तर शोधावयाचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागते.

मुंबईच्या कारभाराचा प्रश्न प्रथमपासून एकच होता : राबविणारा हात आणि त्या हातावर देखरेख करणारा डोळा यांचे नाते कसे असावे? 1858 साली सरकारने तीन कमिशनरांचे मंडळ नेमून पाहिले. जबाबदारी तिघांत वाटली गेली, की ती कोणाचीच राहत नाही, हा अनुभव येण्यास फार वर्षे लागली नाहीत. तेव्हा 1865 च्या कायद्याने नगरातील जस्टिस ऑफ द पीस या मानकऱ्यांचे एक मंडळ शहराचे नाममात्र धनी ठरले आणि सारी अंमलबजावणी एकट्या म्युनिसिपल कमिशनरकडे आली. त्या जागेवर पहिला आला तो आर्थर क्रॉफर्ड.

हा क्रॉफर्ड मोठा विलक्षण पुरुष. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारात मुंबईवर सोन्याचा पाऊस पडला होता आणि 1865 मध्येच तो बुडबुडा फुटून लक्षाधीश रस्त्यावर आले होते. अशा वेळी या माणसाने गलिच्छ, रोगट, अरुंद गल्ल्यांच्या शहराची झाडलोट हाती घेतली, रस्ते रुंद केले, गटारांची कामे रेटली, कत्तलखाने गावाबाहेर वांद्र्याला हलविले, आणि 1869 साली ती मंडई उभी केली जिच्या दर्शनी भागावरील उठावाची शिल्पे लॉकवुड किपलिंगच्या हातची आहेत. मंडईच्या दारावर मान वर करून पाहिले तर शेतावर राबणारी माणसे दगडात कोरलेली दिसतात. आत शिरणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र हापूसच्या पेट्यांपलीकडे काही दिसत नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. क्रॉफर्डच्या कामाबद्दल शत्रूंनाही तक्रार नव्हती. तक्रार होती ती पैशाबद्दल. मंजुरीची वाट न पाहता खर्च करावा, खर्च झाल्यावर मंजुरी मागावी, आणि ती मागतानाही उपकाराचा आव आणावा, ही त्याची रीत. जस्टिसांना हिशेब तपासण्याचा अधिकार कागदावर होता. तो बजावण्याची सवड, माहिती आणि छाती फार थोड्यांपाशी होती. कर वाढले, कर्ज वाढले, आणि 1871 साली करदात्यांचा असा काही उठाव झाला, की क्रॉफर्डला जावे लागले. (या गृहस्थाची पुढची कथा महाराष्ट्राला अधिक परिचित आहे. 1888 साली मध्य भागाचा कमिशनर असताना पुण्यात त्याचे लाचलुचपतीचे प्रकरण निघाले, मामलेदारांच्या साक्षी झाल्या, आणि अभय देऊन साक्ष वदविलेल्या त्या मामलेदारांना सरकार वाऱ्यावर सोडते असे दिसताच टिळकांनी त्यांची बाजू लढविली. चौकशी मंडळाने लाचेच्या आरोपातून क्रॉफर्डला मोकळे केले. परंतु हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याचा दोष त्याला चिकटला आणि नोकरी गेली.)

उठाव करणाऱ्यांचा उपाय सोपा होता : कमिशनरची जागाच काढून टाका आणि कारभार जस्टिसांच्या समितीकडे द्या. या मागणीपुढे लोकप्रवाहाविरुद्ध उभा राहिला तो अवघा सव्वीस वर्षांचा एक पारशी बॅरिस्टर. फ्रामजी कावसजी सभागृहात वाचलेल्या निबंधात फिरोजशहा मेहत्यांनी सांगितले, की दोष एका माणसाच्या हाती सत्ता असण्यात नाही. तिच्यावर अंकुश ठेवणारी सभा करदात्यांनी निवडलेली नाही, यात आहे. राबविणारा एकच असावा, तो जबाबदार असावा आणि त्याला जाब विचारणारे लोकांनी निवडलेले असावेत, हे त्यांचे सूत्र. श्रोत्यांना ते रुचले नाही. संतापलेल्या गर्दीपुढे तिला न आवडणारे खरे बोलण्याचे धैर्य आमच्या सार्वजनिक जीवनात तेव्हाही दुर्मीळ होते.

1872 च्या कायद्याने ते सूत्र अर्धे मान्य केले. चौसष्ट सभासदांच्या सभेपैकी बत्तीस करदात्यांनी निवडावयाचे, सोळा जस्टिसांनी आणि सोळा सरकारने नेमावयाचे, अशी रचना झाली. मतदानाचा हक्क कर भरणाऱ्या मूठभरांनाच होता, हे खरे. पण हिंदुस्थानातील एवढ्या मोठ्या शहराचा जमाखर्च निवडून आलेल्या माणसांपुढे ठेवावा लागणे, हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. पुढे 1888 चा कायदा आला. कायदेमंडळात मेहत्यांच्या जोडीला काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते, आणि सरकारच्या मसुद्यात सभेला दुय्यम करून टाकणाऱ्या ज्या तरतुदी होत्या त्यांच्याशी या दोघांनी कलमागणिक झुंज दिली. आज अंमलात असलेला कायदा, असंख्य दुरुस्त्यांची ठिगळे लावलेला, तोच आहे. त्याचे चौसष्टावे कलम प्रत्येक मुंबईकराने एकदा वाचावे : नगराचे शासन सभेच्या ठायी राहील, असे आधी म्हटले आहे, आणि कायद्याची अंमलबजावणी करण्याचा अधिकार आयुक्ताकडे राहील, असे नंतर. आयुक्त नेमण्याचा अधिकार सरकारचा. मात्र सभेच्या एकूण सभासदांपैकी पाच अष्टमांश सभासदांनी ठराव केला, तर त्याला तत्काळ परत बोलाविणे सरकारला भाग आहे. नेमणूक आपली नसली तरी हकालपट्टी आपल्या हाती, असा हा तोल होता.

हा तोल टिकला तो सभेत माणसे होती म्हणून. 1907 साली काही गोऱ्या अधिकाऱ्यांनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी मेहत्यांना सभेबाहेर काढण्याचा घाट घातला. जस्टिसांच्या सोळा जागांच्या निवडणुकीत ते सतरावे आले, आणि निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड कायद्याने टिकली नाही, म्हणून ते आत आले. एका सभासदाला बाहेर ठेवण्यासाठी सरकारी माणसांनी एवढी यातायात करावी, यातच त्या सभेचे वजन किती होते ते दिसते. आणि सारे आयुक्त क्रॉफर्डच्या वाणाचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. मराठी वाचकाने ॲक्वर्थचे नाव विसरू नये : शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे 1891 साली प्रसिद्ध करणारा आणि शहरातील बेघर कुष्ठरोग्यांसाठी निवाऱ्याची जागा उभी करणारा हा कमिशनर याच कचेरीत बसत होता.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1922 मध्ये भाडेकरूंपर्यंत मताधिकार आला, 1931 मध्ये अध्यक्षाला महापौर ही पदवी मिळाली, 1948 मध्ये प्रौढ मतदानाने निवडणूक झाली. 1950 आणि 1957 साली उपनगरे सामील होऊन शहराची सीमा दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. विहार, तुळशी, तानसा यांच्या मालिकेत वैतरणेचे धरण आले आणि त्याला नगर अभियंता मोडक यांचे नाव मिळाले. सभेचे नाव मात्र या विस्ताराबरोबर वाढले नाही. मतदार वाढत गेले आणि देखरेख पातळ होत गेली, असा हा उलटा हिशेब आहे.

याचा दोष केवळ मंत्रालयाच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. स्थायी समिती म्हणजे मक्तेदारांची देवडी, अशी लोकांची समजूत होण्यास नगरसेवकांचीच वर्तणूक कारण झाली. अर्थसंकल्पाची छाननी करण्याऐवजी प्रभागनिधीची वाटणी हेच सभासदत्वाचे सार मानले गेले, आणि सामान्य माणसाने नळ, पदपथ, कचरा यांसाठी नगरसेवकाकडे खेटे घालताना त्याला जाब विचारणाऱ्याऐवजी चिठ्ठी देणारा समजण्याची सवय लावून घेतली. म्हणूनच 2022 मध्ये सभागृहाला कुलूप लागले तेव्हा शहरात कोणाला चुकल्यासारखे वाटले नाही. उलट, कामे झपाट्याने होतील असे म्हणणारे सुशिक्षित कमी नव्हते. क्रॉफर्डच्या अमदानीतही कामे झपाट्याने होत होतीच.

सरकारनेही आपल्या बाजूने तोल बिघडविण्यास हातभार लावला. 1984-85 मध्ये सुमारे वर्षभर प्रशासक आला. 1998 मध्ये महापौरांच्या हाती अंमल देणारी महापौर परिषद आणली आणि ती रुजण्यापूर्वीच गुंडाळली. 2017 मध्ये जकात गेली आणि शहराच्या उत्पन्नाचा मोठा झरा राज्याच्या भरपाईवर अवलंबून राहिला. मग प्रभागांची संख्या 227 वरून 236 करण्याचा आणि पुन्हा 227 वर आणण्याचा खेळ झाला, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात रेंगाळला, आणि निवडणुका चार महिन्यांत घ्या असे सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये बजावावे लागले. सरकारे बदलली, पक्ष बदलले. निवडणुकीची घाई कोणालाच नव्हती. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे राज्यघटना 1993 पासून सांगत आली आहे.

या साऱ्यांत आम्हांला महात्मा फुल्यांची आठवण होते. 1876 ते 1882 या काळात पुण्याच्या नगरपालिकेत ते सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर पैसा उधळण्यास त्यांनी एकट्याने विरोध केला आणि पुण्यातील भव्य मंडईच्या खर्चावरही हरकत घेतली. पुढे त्या मंडईला आणि मुंबईत क्रॉफर्डच्या मंडईलाही फुल्यांचेच नाव देण्यात आले, हा योगायोग गमतीचा खरा. पण सरकारने नेमलेला माणूससुद्धा सरकारच्या खर्चाला नाही म्हणू शकतो, हे त्यांनी दाखविले. आज पक्षाने निवडून आणलेल्यांपैकी किती जण ते करतील?

नव्या सभागृहाकडून आमची अपेक्षा म्हणून मोठी नाही. प्रशासकाच्या काळात मंजूर झालेल्या मोठ्या खर्चाचे आणि ठेक्यांचे दफ्तर स्थायी समितीने मागवावे, ते सभेपुढे ठेवावे आणि लोकांना पाहू द्यावे. आणि विधिमंडळाने 1888 च्या कायद्यात दोन ओळी घालाव्यात : प्रशासकाची मुदत कोणत्याही कारणाने सहा महिन्यांहून अधिक असणार नाही, आणि त्या मुदतीत त्याला चालू खर्चापलीकडे नवा अर्थसंकल्प संमत करता येणार नाही. ठिगळांना तोटा नसलेल्या त्या कायद्यात एवढी दुरुस्ती करण्यास एक अधिवेशन पुरेसे आहे.