कार्डावर ‘दोन टक्के जादा’: ग्राहक व किरकोळ दुकानदारांचे निवेदन

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, केंद्रीय कार्यालय,
शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई

विषय : कार्डाने पैसे घेताना दुकानात होणारी जादा आकारणी व कार्ड नाकारण्याची पद्धत यांबाबत स्पष्ट नियम करण्याविषयी

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पुणे शहरातील ग्राहक आहोत. आमच्यातील काही जण स्वतः दुकान चालवतात, त्यामुळे गल्ल्याच्या दोन्ही बाजूंचे म्हणणे या निवेदनात आले आहे.

दागिने, मोबाइल, फर्निचर अशा खरेदीत भाव ठरतो, बिल होते आणि कार्ड पुढे केले की ‘दोन टक्के जादा पडतील’ असे सांगितले जाते. कार्ड डेबिट आहे की क्रेडिट, हे पुष्कळदा विचारलेही जात नाही. वास्तविक डेबिट कार्डाबाबत आपल्या बँकेचा नियम संदिग्ध नाही. ग्राहकाकडून असे शुल्क घेणे समर्थनीय नाही आणि ते घेणाऱ्या दुकानाशी बँकेने संबंध संपवावा, असे सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळवण्यात आले होते. पुढे ६ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाने दुकानाकडून घ्यायच्या शुल्कालाही मर्यादा घातली. मागील वर्षीची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवरच्या व्यवहाराला ०.४० टक्के, कमाल २०० रुपये. त्याहून मोठ्या दुकानाला ०.९० टक्के, कमाल १,००० रुपये. हा बोजा ग्राहकावर जाणार नाही हे पाहण्याची जबाबदारीही बँकांवर टाकली. १ जानेवारी २०२० पासून तर रूपे डेबिट कार्डावर दुकानाला हे शुल्कच नाही.

आता दीड लाखाच्या दागिन्याचा हिशेब पाहावा. दोन टक्के म्हणजे ३,००० रुपये. कार्ड डेबिट असेल तर बँक मोठ्या सराफाकडून जास्तीत जास्त १,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८० रुपये घेऊ शकते. उरलेले १,८२० रुपये दुकानाच्या खिशात जातात. रूपे डेबिट कार्ड असेल तर सगळे ३,००० तिथेच राहतात. याला खर्चाची वसुली कसे म्हणावे? ही वरकमाई आहे, आणि ती आपल्या बँकेच्या नियमाला डावलून चालते.

क्रेडिट कार्डाची गोष्ट वेगळी आहे, हे आम्हाला मान्य आहे. तिथे शुल्काला मर्यादाच नाही. बँक आणि दुकान यांच्यात जे ठरेल ते. दोन टक्के ठरले असतील तर ५०,००० रुपयांच्या मोबाइलवर जीएसटीसह १,१८० रुपये जातात. नफाच जेमतेम असलेल्या मालावर हे पैसे सोसायचे कुठून, हा आमच्यातल्या दुकानदारांचा प्रश्न रास्त आहे. कार्डावरचे पॉइंट आणि विमानतळावरच्या लाउंजमधला ‘फुकट’ नाश्ता यांचे बिलही बऱ्याच अंशी याच शुल्कातून भागते. दुकानदाराने ते किमतीत मिसळले, तर रोख पैसे मोजणारी मोलकरीणसुद्धा कोणाच्या तरी नाश्त्याला हातभार लावते.

क्रेडिट कार्डावरील जादा आकारणी सरसकट बंद करावी का, यावर आमच्यात एकमत झाले नाही. क्रम मात्र महत्त्वाचा आहे, यावर झाले. युरोपीय संघाने २०१५ च्या कायद्याने कार्ड देणाऱ्या बँकेचा वाटा डेबिटला ०.२ आणि क्रेडिटला ०.३ टक्क्यांवर बांधला आणि अशा कार्डांवरची जादा आकारणी जानेवारी २०१८ पासून बंद केली. ऑस्ट्रेलियाने २००३ पासून आकारणीला मोकळीक दिली. २०१६ पासून ती प्रत्यक्ष खर्चापुरतीच असावी असे बंधन घालायला सुरुवात केली. आपल्याकडे क्रेडिटसाठी दोन्हींपैकी काहीच नाही. म्हणून आमची मुख्य मागणी अशी की क्रेडिट कार्डावरील शुल्काला आधी मर्यादा घालावी. ती लागू होईपर्यंत दुकानाला प्रत्यक्ष भरावे लागणाऱ्या शुल्कापेक्षा एक रुपयाही अधिक घेता येऊ नये, आणि जे घेतले ते बिलावर स्वतंत्र ओळीत दिसावे. आज बिल दीड लाखाचे आणि मशीनची स्लिप एक लाख त्रेपन्न हजारांची, असा प्रकार होतो. मग तक्रार कशाच्या आधारावर करायची?

कोणते कार्ड घ्यायचे हे दुकानाने ठरवावे. छोट्या दुकानाने अमेरिकन एक्सप्रेस किंवा डायनर्स घेतले नाही, तर आमची हरकत नाही. पण दारावर कार्डांची चित्रे चिकटवायची आणि मोठे बिल झाले की ‘मशीन बंद आहे, रोख द्या’ म्हणायचे, ही लबाडी आहे. काय चालते आणि जादा किती पडते, याचा मराठी फलक दर्शनी भागात असण्याची अट बँकांनी दुकानांशी होणाऱ्या करारातच घालावी.

तक्रारीचा मार्गही अडलेला आहे. दुकान आपल्या बँकेच्या अखत्यारीत येत नाही. लोकपाल योजनेत तक्रार होते ती बँकेविरुद्ध. मशीन कोणत्या बँकेचे हे स्लिपवरून कळते, पण दोन टक्के नाकारून रोख दिली की हातात स्लिपच येत नाही. प्रत्येक मशीनवर आणि क्यूआर फलकावर संबंधित बँकेचे नाव व तक्रारीचा क्रमांक ठळक छापलेला असावा. डेबिट कार्डावर जादा घेतल्याच्या तक्रारींवरून किती दुकानांची मशीन काढून घेतली, याचे आकडे प्रत्येक बँकेने दरवर्षी जाहीर करावेत.

यंदाच्या दसरा-दिवाळीच्या खरेदीपूर्वी निदान डेबिट कार्डाच्या जुन्याच नियमाची अंमलबजावणी सुरू व्हावी आणि उर्वरित मागण्यांवरील निर्णय आम्हाला लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
पुणे शहरातील ग्राहक व किरकोळ दुकानदार
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली
जिल्हाधिकारी, पुणे