तक्ता वाचला म्हणजे डोळे चांगले?

पाटससारख्या गावात शाळेतली डोळेतपासणी बहुतेकदा 6 मीटरवरच्या तक्त्यापाशीच संपते. अक्षरं वाचली, नोंद झाली 'नॉर्मल'. लांबचं न दिसणारं पोर यात सापडतं. प्लसचा नंबर असलेलं सुटतं. कारण लहान वयात डोळ्यातलं भिंग ताण घेऊन नंबर झाकून टाकतं. पुस्तक उघडलं की मात्र डोकं दुखतं, अक्षरं पुसट होतात, ओळ सुटते.

मग शेरा येतो, "याचं अभ्यासात लक्षच नाही." पोर वस्तीतलं असेल तर पुढचं वाक्य तयारच असतं, "यांच्यात शिक्षण नाहीच." पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला वाचू दिलं नाही, आणि आता हे ऐकवता? डोळ्याचा दोष जातीच्या खात्यावर का मांडता?

उपाय महागडा नाही. प्लस 2 चं भिंग डोळ्यापुढे धरून तोच तक्ता वाचायला लावा. तरीही स्पष्ट वाचला, तर डॉक्टरांकडे पाठवा. थेंब टाकून ताण सैल केला की खरा नंबर कळतो. नंबर मोठा असेल आणि 7-8 वर्षांच्या आत चष्मा मिळाला नाही, तर नजर कायमची मंद राहू शकते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. पण ऊसतोड कामगारांचं पोर तपासणीच्या दिवशी फडात असेल तर त्याला कोण तपासणार? शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, कायद्यानेच. पुढच्या बैठकीत लेखी मागा: प्लसचं भिंग, आणि फडावरच्या पोरांसाठी वेगळा दिवस.