गवा मेला, शिकारी मात्र वेगळाच

परवा कामशेतच्या बाजारात एक कातकरी मावशी खेकडे विकत बसली होती. भाव पाडता पाडता एक गृहस्थ म्हणाले, "हे लोक रानात काही शिल्लकच ठेवत नाहीत." मावशी गप्प. मला मात्र ९ डिसेंबर २०२० आठवला. कोथरूडमध्ये गवा शिरला होता. गर्दी, आरडाओरडा, मोबाइल. पळून पळून थकलेला तो जीव पकडल्यावर मेला. ती गर्दी पाड्यावरची नव्हती, आपली होती.

गव्याचा लांबचा भाऊबंद म्हणजे उत्तर अमेरिकेतला बायसन. कॅनडाच्या गवताळ मुलखातले क्री लोक त्याच्यावरच जगायचे. लाकडांचा कोंडवाडा बांधून कळप आत हाकायचे. त्यांच्या एका प्रसिद्ध नायकाचं नाव पाउंडमेकर, म्हणजे कोंडवाडा बांधणारा! मांस सुकवायचं, कातड्याचे तंबू करायचे, हाडांची अवजारं. जनावर आपल्याला स्वतःला देतं, म्हणून त्याचा मान राखायचा, अशी त्यांची श्रद्धा. पण कातड्याच्या बाजारापायी १८८०च्या सुमाराला कळप संपले. क्री उपाशी पडले आणि राखीव वस्त्यांत गेले.

आपल्याकडे वेगळं काय झालं? खैरापासून कात काढणारे म्हणून कातकरी. इंग्रजांनी जंगलं राखीव केली आणि धंदा गेला. यांच्याही शिकारीला नेम होते. आपण रामाला मदत करणाऱ्या वानरांचे वंशज, असं ते मानतात आणि लाल तोंडाचं माकड खात नाहीत, असं जुन्या गॅझेटियरात नोंदलंय. शेतातले उंदीर खणून काढतात, त्यात शेतकऱ्याचंच भलं. त्यावरून आपण त्यांना हिणवतो!

आज कातकरी सरकारदरबारी 'विशेष असुरक्षित आदिवासी' आहेत. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पोरांची शाळा सुटते. कित्येकांच्या घराखालची जागा नावावर नाही. मालक म्हणाला 'उठा', की उठायचं. मग आजीची गोष्ट नातवाला कुठं बसून सांगायची?

वनहक्क कायदा २००६चा आहे. आपल्या ग्रामसभेत पुढच्या वेळी एकच प्रश्न विचारूया: पाड्यावरच्या किती घरांची जागा त्यांच्या नावावर आहे? उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही.

आणि हो, खेकड्याचा भाव पाडू नका राव.