चर्चचा धनी कोण?

"चर्च म्हणजे विटा नव्हेत, भक्त जातील तेथें देव आहेच. मग लोकहिताच्या आड येणारी जुनी वास्तू पाडली तर बिघडलें काय?" हा युक्तिवाद दिसावयास आध्यात्मिक आहे, पण तो बहुधा त्या जागेवर डोळा ठेवणाऱ्याच्याच तोंडून ऐकूं येतो. अमेरिकेंतील पोलिश लोकांच्या दोन चर्चची हकीकत त्याची चांगली परीक्षा घेते.

पहिलें चर्च शिकागोचें. १७९५ पासून १९१८ पर्यंत पोलंड हें स्वतंत्र राष्ट्र म्हणून नकाशावर नव्हतें; रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं तें वांटून घेतलें होतें. पोटासाठीं शिकागोस आलेल्या पोलिश मजुरांनीं १८६७ मध्यें संत स्टॅनिस्लाउस कोस्त्का यांच्या नांवें धर्मग्राम स्थापिला, १८७७ मध्यें कोनशिला बसविली आणि १८८१ मध्यें चर्चचें समर्पण केलें. स्थपति पॅट्रिक कीली हा स्वतः आयर्लंडहून आलेला, आणि त्याचा हात गॉथिक घडणीवर बसलेला. तरी येथें उभें राहिलें तें रेनेसान्स पद्धतीचें, जुळ्या मनोऱ्यांचें मंदिर. पोलंडच्या वैभवाचा काळ सोळाव्या शतकाचा, आणि ही घडण त्या काळाची खूण होय. हिरावलेला देश त्या मजुरांनीं विटांत पुन्हां मांडला. अशा वास्तूस "केवळ विटा" म्हणणें हें अज्ञान तरी असेल किंवा लबाडी तरी.

१९५० नंतरच्या दशकांत महामार्गाची आंखणी याच चर्चवरून होऊं लागली. पोलिश नागरिकांनीं आपलें सारें राजकीय वजन खर्चिलें, आणि रस्ता वळला. १९६० मध्यें खुला झालेला तो मार्ग आजही चर्चच्या पाठीशीं लगटून जातो. त्यामुळें शिकागो कांहीं बुडालें नाहीं!

दुसरें चर्च डेट्रॉइटच्या पोलटाउन वस्तींतलें. १९८१ मध्यें जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठीं शहरानें ही वस्ती सक्तीनें ताब्यांत घेतली. सुमारें ४,२०० माणसें उठलीं. इम्मॅक्युलेट कन्सेप्शन चर्चची इमारत धर्मप्रांतानें विकली. पाद्री जोसेफ कारासिएविच मात्र आपल्या लोकांच्या बाजूनें उभे राहिले. भाविकांनीं चर्चच्या तळघरांत २९ दिवस ठाण मांडलें. १४ जुलै रोजीं पोलिसांनीं त्यांस बाहेर काढलें, आणि लवकरच चर्च जमीनदोस्त झालें. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयानें हें संपादन १९८१ मध्यें वैध ठरविलें होतें. २००४ मध्यें त्याच न्यायालयानें तो निर्णय चुकीचा म्हणून रद्द केला. चूक कबूल झाली. चर्च परत आलें नाहीं.

डेट्रॉइटला रोजगाराची निकड होती, हें आम्हांस मान्य आहे. धर्मप्रांताजवळ मालकीचा कागद होता, हेंही मान्य. परंतु ज्यांच्या मजुरींतून विटा आल्या, त्यांची संमति कागदावर नव्हती म्हणून ती नव्हतीच काय? शिकागोंत लोकहित वळूं शकलें, कारण तेथें दुबळ्यांपाशीं वजन होतें. तेव्हां प्रश्न लोकहिताचा नव्हे, वजनाचा आहे. आणि वजन पाहून वळणाऱ्या न्यायास न्याय म्हणावयाचें असेल, तर निदान देवाचें नांव तरी त्यांत गोवूं नये.