चुंबक घेऊन जा!

पहिली सेकंडहँड कार बघायला निघालात? खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. दाराच्या खालच्या कडेला, चाकाच्या कमानीला लावून बघा. पत्र्यावर चिकटेना, तर समजा, रंगाखाली जाड पुट्टी आहे. आमच्या घरच्या गाडीला असाच चकाचक रंग होता; एका पावसाळ्यात फोड आले. पुट्टी ओलावा शोषते, आत गंज चालूच राहतो.

वरवरचा गंज असेल तर पत्रा चमकेपर्यंत घासा, लगेच प्रायमर मारा. पण स्क्रूड्रायव्हर आरपार जात असेल, तर सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग करायलाच हवा. महाग पडतं, मान्य. पण दाराखालची पट्टी म्हणजे नुसती शोभा नाही, बाजूने धडक बसली तर भार तीच घेते. तिथे पुट्टी थापणाऱ्याला सरळ विचारा, "दादा, पत्रा कधी टाकताय?"